कट ग्लासची संग्रहालयं: व्हाइट मिल्स, कॉर्निंग आणि वीस डॉलरचा वाडगा

आंबेडाळ

मागच्या मे महिन्यात आमच्या रस्त्यावरच्या एका आजींच्या घरचं सामान विकायला काढलं होतं. इथे न्यू जर्सीत याला इस्टेट सेल म्हणतात. माणूस गेलं की घर उघडं टाकून चमच्यापासून पलंगापर्यंत सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या लावतात. पहिल्यांदा गेले तेव्हा कसंतरीच झालं होतं, आता सवय झालीय. तिथून वीस डॉलरला एक काचेचा वाडगा उचलला. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "वाडगा आणलास की पाटा?" वजन तीन किलोच्या पुढे, बाहेरून अंगभर चांदण्या कोरलेल्या, आणि कंगोरे असे की हात फिरवला तर बोटाला समजावं.

हे अमेरिकन कट ग्लास. साधारण १८७६ ते पहिलं महायुद्ध या काळाला जाणकार 'ब्रिलियंट पिरियड' म्हणतात. १८७६ म्हणजे फिलाडेल्फियाचं शतकमहोत्सवी प्रदर्शन. तिथे गिलिंडर कंपनीने प्रदर्शनाच्या आवारातच चालू भट्टी लावली होती आणि लोक तिकीट काढून काच बनताना बघत होते. त्यानंतरची तीसेक वर्षं लग्नात आहेर म्हणून कट ग्लास द्यायची रीतच पडली. आपल्याकडे एके काळी स्टीलचे डबे नाव घालून यायचे तसं. नंतर ते कपाटात गेलं, मग माळ्यावर, आणि आता वीस डॉलरला माझ्याकडे.

एवढं वाचल्यावर गप्प बसवेना. जुलैत लाँग वीकेंडला गाडी काढली. पहिला मुक्काम पेनसिल्व्हेनियातलं व्हाइट मिल्स, हॉली आणि होन्सडेलच्या मध्ये रूट ६ वर. गाडी जरा जोरात असेल तर गाव लागलं आणि गेलं हेही कळणार नाही. पण इथल्या काचेवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेवलेत.

ख्रिस्तियन डॉरफ्लिंगर हा माणूस १८२८ साली अल्सासमध्ये जन्मला, तिकडच्या सेंट लुई काच कारखान्यात पोरवयातच कामाला लागला, आणि १८४६ मध्ये अमेरिकेला आला. ब्रुकलिनमध्ये त्याने कारखाने काढले. लिंकनच्या व्हाइट हाउससाठी १८६१ मध्ये गेलेले ग्लास ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंटचे. मग तब्येतीने टेकीला आला म्हणून डोंगरात विश्रांतीला आला, आणि विश्रांती घेता घेता १८६५ च्या सुमाराला इथेच भट्ट्या पेटवल्या. (आपल्याकडचे काही निवृत्त काका आठवले.) कोळसा जवळ, माल न्यायला कालवा दारात. कारागीर त्याने आपल्या मुलखातून आणले. १८९१ मध्ये बेंजामिन हॅरिसनच्या व्हाइट हाउससाठी 'रशियन' नक्षीचा, राष्ट्रचिन्ह कोरलेला अख्खा संच इथून गेला. कारखाना १९२१ मध्ये बंद पडला.

गावात आता दोन संग्रहालयं आहेत, आणि धागा काढायचं खरं कारण ही दोन संग्रहालयंच आहेत.

एक टेकडीवर, डॉरफ्लिंगर-सायडॅम अभयारण्यात. सायडॅम कुटुंबाची जमीन आणि घर, मृत्युपत्राने लोकांसाठी ठेवलेलं. बाहेर झाडं, तळं, पक्षी. आत कपाटामागून कपाट नुसती डॉरफ्लिंगरची काच: रंगीत काचेवर कापून खालची बिनरंगी उघडी केलेली, सोन्याची कड असलेली, कोरीवकामाची. डोळे दिपतात हे खरंच. तासाभराने मला मात्र सराफाच्या दुकानात उगाच बसल्यासारखं वाटायला लागलं.

दुसरं खाली, मूळ कारखान्याच्या उरलेल्या इमारतींत. ते अलीकडचं, २०१६ पासूनचं. इथे मी अडीच तास होते आणि लेकाने ओढून बाहेर काढलं. कारण इथे उभं राहिलं की एक वाडगा किती जणांच्या हातून गेलाय ते पायांना कळतं.

आधी भट्टीवर जाड अंगाचा साधा वाडगा फुंकायचा. याला 'ब्लँक' म्हणतात. शिशाचं प्रमाण भरपूर, त्यामुळे काच जड होते, कापायला मऊ पडते आणि प्रकाश जास्त वाकवते. त्यावर लाल रंगाने मोजक्या आधाररेषा आखायच्या, रांगोळीला आधी ठिपके काढतो तशा. बाकीची नक्षी कारागिराच्या डोक्यात. मग लोखंडी चाक. वरच्या नरसाळ्यातून ओली वाळू चाकावर पडत राहते आणि कापते ती वाळूच. हा पहिला खडबडीत काप. त्यानंतर दगडी चाक, आपल्या धार लावणाऱ्याकडे असतं तसंच, फक्त पाणी सतत. शेवटी लाकडाच्या चाकावर कथील आणि शिशाच्या भस्माची भुकटी लावून घासायचं, तेव्हा कुठे चकाकी येते.

आता गंमत बघा. कापणारा वाडगा चाकाच्या वर धरून खाली दाबतो. म्हणजे काप पडतोय त्याच्या विरुद्ध बाजूला, आणि हा बघतोय काचेच्या आरपार, गढूळ पाण्यातून. तीन किलोचं धूड दोन कोपरांवर तोलून. चाक केसभर खोल गेलं की दहा दिवसांचं काम भंगारात.

आणि ती चकाकीची भुकटी म्हणजे शिसं. श्वासातून, हातावरून, डब्यातल्या भाकरीबरोबर पोटात. पुढे आम्लात बुडवून चकाकी आणायची पद्धत आली तेव्हा घासणाऱ्यांची भुकटीतून सुटका झाली, पण ते आम्ल हायड्रोफ्लोरिक, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तर माझं म्हणणं असं. टेकडीवरच्या संग्रहालयाने काच जपलीय, खालच्याने काम जपलंय. दोन्ही हवीत, पण एकच बघायला वेळ असेल तर खालचं बघा. कॉर्निंगबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, लेकाला पोहायला सोडायचंय.

रानवाटा

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. कॉर्निंगबद्दल लवकर लिहा.

निमकी

ताई, बावळट प्रश्न आहे. आमच्याकडे सासूबाईंचा असाच एक बाउल आहे. तो कट ग्लास की साच्यातला, हे कसं ओळखायचं?

जुनाबाजार

@निमकी, बावळट अजिबात नाही, इथूनच सुरुवात होते. चार गोष्टी बघा. कंगोऱ्यावरून बोट हळूच फिरवा. कापलेली कड टोचते, साच्यातली गोलसर लागते. साच्यातल्या काचेला कुठेतरी जोडाची रेघ सापडते. वजन हातात घेतल्याबरोबर समजतं. आणि काठाला नखाने टिचकी मारा. शिशाची काच देवघरातल्या घंटेसारखी वाजत राहते, साधी काच 'टक्' करून गप्प. जाड वाडग्यापेक्षा पेल्यावर हे जास्त चांगलं कळतं.

एक मेख आहे. १९०० नंतर खर्च वाचवायला काही कारखान्यांनी निम्मी नक्षी साच्यातच पाडलेले ब्लँक घेतले आणि वरून फक्त धार दिली. बाजाराचा विश्वास तिथूनच उडायला लागला. मग महायुद्धात शिसं दारूगोळ्याकडे वळलं, लोकांची आवड साध्या घाटाकडे गेली, आणि १९२० च्या दारूबंदीने पेल्यांचं गिऱ्हाईकच संपवलं.

तिरकीरेघ

लेख आवडला पण 'खालचं बघा' हे पटलं नाही. चाकं आणि पट्टे कुठल्याही औद्योगिक संग्रहालयात असतात. काच कशासाठी कापली? दिपण्यासाठीच ना? सराफाच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं म्हणजे कारागिराचा हेतू सफल झाला की. ओहायोतल्या टोलीडोला या, लिबी कंपनीचा पंच बाउल (पंच हे पेय वाढायचा मोठा वाडगा) बघा. १९०४ च्या सेंट लुईसच्या जत्रेसाठी केलेला. नुसत्या बाउलचं आणि बैठकीचं वजन १३४ पौंड, म्हणजे साठ किलोच्या वर. त्याच्यासमोर उभं राहून मला प्रक्रिया वगैरे काही आठवलं नाही, नुसता आ वासून बघत बसलो.

टोलीडो कला संग्रहालयाचं 'ग्लास पॅव्हिलियन' २००६ मध्ये उघडलं. सानाआ या जपानी वास्तुकारांच्या जोडीचं काम, भिंतीसुद्धा वळणदार काचेच्या. काच बघायला काचेच्या घरात जायचं. आणि १९६२ मध्ये याच संग्रहालयाच्या आवारात हार्वी लिटलटनने छोटी भट्टी लावून कार्यशाळा घेतल्या. कारखान्याबाहेर एकेकट्या कलावंताने काच फुंकायची चळवळ अमेरिकेत तिथून उभी राहिली. म्हणजे जपणूक नुसती मागे बघून होत नाही.

शंतनूकाका

तिरकीरेघ, तुझ्या टोलीडोचीच दुसरी बाजू सांगतो. एडवर्ड ड्रमंड लिबीने १८८८ मध्ये न्यू इंग्लंड ग्लास कंपनी मॅसॅच्युसेट्समधून उचलून टोलीडोला आणली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात चालू कारखाना उभा करून नाव कमावलं. १९०१ मध्ये कला संग्रहालय काढलं. आणि १९०३ मध्ये, म्हणजे तो पंच बाउल चाकावर चढला त्याच सुमाराला, त्याच्याच पैशाच्या पाठबळावर मायकेल ओवेन्सचं आपोआप बाटल्या बनवणारं यंत्र कंपनी म्हणून उभं राहिलं. फुंकणीवाल्याचा श्वास ज्याने मोडीत काढला, त्यानेच हाताच्या कामाचं देऊळ बांधलं. मी दोष देत नाही. पण ही संग्रहालयं बहुतेक मालकांच्या पैशाने उभी राहिली, त्यामुळे पाटीवर कंपनीचं नाव असतं, कापणाऱ्याचं नसतं. आंबेडाळ म्हणते त्यात तथ्य आहे.

तिरकीरेघ

काका, यंत्राचा मुद्दा मान्य. पण नेमकी त्या पंच बाउलवरच कापणाऱ्याच्या नावाची नोंद आहे! जे. रुफस डेन्मन. तेव्हा माणूस सत्तावीस वर्षांचा. आता बोला.

शंतनूकाका

बोलतो. एक नाव. बाकीच्या कपाटांचं काय?

(पण सत्तावीस हे माहीत नव्हतं. त्या वयात मी स्लाइड रूल हरवत होतो.)

घाटमाथा

अवांतर: या सगळ्यावरून ग्वाल्हेरचा जयविलास आठवला. शिंद्यांच्या दरबार हॉलमधली ती दोन झुंबरं, छत पेलेल का हे बघायला वर हत्ती चढवले होते अशी गोष्ट तिथला वाटाड्या सांगतो. काचेची खुर्ची-टेबलंही आहेत. ती यातलीच का?

जुनाबाजार

@घाटमाथा, तंत्र तेच, पण ग्वाल्हेरची काच युरोपातली. आपल्याकडच्या संस्थानिकांचा ओढा बर्मिंगहॅमच्या ऑस्लरकडे होता, त्यांचं दुकानच कलकत्त्याला होतं. अमेरिकन कट ग्लास बहुतांशी अमेरिकन मध्यमवर्गाच्या जेवणघरासाठी झालं. फरक तिथेच आहे. राजवाड्यातली काच राजवाड्यात राहिली म्हणून टिकली, इथली घराघरांतून वाटली गेली आणि आता घरं रिकामी होताना बाहेर येतेय.

आंबेडाळ

आले. मुलगा पोहून, खाऊन झोपला. आता कॉर्निंग.

होन्सडेलहून बिंगहॅम्टनवरून पश्चिमेला गेलं की तीनेक तासांत न्यू यॉर्क राज्यातलं कॉर्निंग येतं. गावाला 'क्रिस्टल सिटी' म्हणतात. १८६८ मध्ये ब्रुकलिनची एक काच कंपनी इथे हलली, तिच्याबरोबर जॉन होअर या आयर्लंडच्या माणसाचा कापकामाचा कारखाना आला. त्याच्या हाताखालचा थॉमस हॉक्स, तोही आयर्लंडचाच, १८८० मध्ये वेगळा झाला. 'रशियन' नक्षीचं पेटंट हॉक्सचं, १८८२ चं. आखणारा फिलिप मॅकडॉनल्ड. (काका, हे घ्या, अजून एक नाव.) १८८९ मध्ये हॉक्सला पॅरिसच्या प्रदर्शनात सर्वोच्च बक्षीस मिळालं. युरोपच्या अंगणात जाऊन युरोपला काच विकल्यासारखं झालं. नंतर याच गावात बोहेमियातून आलेले कोरीवकाम करणारे स्थिरावले. कापणारा काच चाकाच्या वर धरतो, हे लोक तांब्याच्या छोट्या चाकाच्या खाली धरतात. त्यातले बरेच जण घरीच काम करायचे, विडी कामगारांसारखं. सामान घरी न्यायचं, कोरून परत द्यायचं.

संग्रहालय १९५१ चं, कॉर्निंग ग्लास वर्क्स कंपनीच्या शंभरीला काढलेलं. आता पन्नास हजारांवर वस्तू, साडेतीन हजार वर्षांच्या. इजिप्तपासून सुरू करावं लागतं आणि कट ग्लासपर्यंत पोचताना पायाचे तुकडे पडतात. तिकीट सलग दोन दिवस चालतं आणि सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट, म्हणून दोन दिवसांतच करा. लेकाला कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीच्या आरशासाठी १९३४ मध्ये ओतलेली दोनशे इंचांची पहिली चकती आवडली. ती फसली म्हणून इथे राहिली, पठ्ठ्या तिच्यासमोरून हलेना.

मला कॉर्निंगमध्ये सगळ्यात भिडली ती १९७२ ची गोष्ट. २३ जूनला अ‍ॅग्नेस वादळाच्या पावसाने शमंग नदी फुटली, संग्रहालयात पुरुषभर उंचीला थोडंच कमी पाणी. तेव्हाच्या तेरा हजार वस्तूंपैकी ५२८ वस्तूंचं नुकसान झालं. म्हणजे काच बऱ्यापैकी वाचली! मरण ओढवलं ते पुस्तकांवर, निम्म्याहून जास्त ग्रंथालय चिखलात. भिजलेली पुस्तकं बुरशी धरू नये म्हणून गोठवून ठेवली आणि मग सवडीने एकेक वाळवली. सांगली-कोल्हापूरच्या पुरात वाचनालयं बुडाली तेव्हाचे फोटो आठवले.

या ग्रंथालयाचं आजचं नाव रॅको ग्रंथालय. हॉक्सचा कारखाना १९६२ मध्ये बंद पडला, त्याची कागदपत्रं तिथे आहेत. शंतनूकाका, तुमचं 'बाकीच्या कपाटांचं काय' ते इथे. कारागिरांची नावं कपाटात नसतील, पण वह्यांत सापडायची शक्यता आहे. म्हणून माझं आधीचं विधान थोडं दुरुस्त करते: टेकडीवरचं, खालचं, आणि तिसरं कागदाचं. वाडगा शंभर वर्षं कपाटात आपोआप टिकतो, हजेरीची वही कोणीतरी टिकवावी लागते.

रानवाटा

कॉर्निंग म्हणजे तेच ना, कोरेलवालं? भारतात जाताना दरवेळी बॅगेत एक डिनर सेट न्यावाच लागतो, त्या सेटची जन्मभूमी!

शंतनूकाका

तेच. पायरेक्स १९१५, कोरेल १९७०, दोन्ही तेव्हा त्यांचं. आणि आपलं बोरोसिल १९६२ मध्ये मुंबईत सुरू झालं ते याच कॉर्निंगच्या सहकार्याने. शाळेच्या प्रयोगशाळेत मी फोडलेला चंचुपात्राचा तुकडा म्हणजे आंबेडाळच्या वाडग्याचा दूरचा भाचा.

घाटमाथा

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). काका, भाचा फोडल्याचा दंड भरला होता का?

आता पोटातलं बोलतो. मी कराडचा. ओगलेवाडीचा काच कारखाना, प्रभाकर कंदील, त्याआधी तळेगावला लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेला पैसा फंडाचा काच कारखाना. आमच्या आजोबांच्या पिढीत काच फुंकणारी माणसं गावात होती. प्रभाकर कंदील अजून कोणाकोणाच्या माळ्यावर सापडतो. पण भट्टीवर कोण होतं, कुठल्या कामाला किती वेळ लागायचा, हाताला काय व्हायचं, हे विचारायला आता माणूस शोधावा लागेल.

जुनाबाजार

@घाटमाथा, शोधा आणि वेगळा धागा काढा. इथे प्रतिसादात हरवेल.

चिंचोके

फ्लोरिडात असाल तर सेंट ऑगस्टीनचं लाइटनर संग्रहालय चुकवू नका. हेन्री फ्लॅगलरचं अल्काझार हॉटेल, १८८८ चं. पुढे ओटो लाइटनर या छंदविषयक मासिकाच्या संपादकाने घेतलं आणि १९४८ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. कट ग्लास भरपूर. हॉटेलच्या जुन्या पोहण्याच्या तलावात आता कॅफे आहे. तलावाच्या तळाशी बसून सूप प्यायलो. लाइटनरसाहेब स्वतः आवारातच पुरलेत, संग्राहकाने संग्रहापासून लांब जायचं नाही म्हणजे किती.

निमकी

जुनाबाजार, टिचकी मारली. वाजला! चांगला दहा सेकंद. सासूबाई म्हणाल्या "आता फोड". दुसरा प्रश्न, त्यात लिंबाचं लोणचं ठेवलेलं चालेल का? दिसेल काय सुंदर.

जुनाबाजार

नको नको नको. आंबट पदार्थ शिशाच्या काचेत मुरवत ठेवायचा नाही, शिसं हळूहळू उतरतं. वाढण्यापुरतं ठीक, साठवण नाही. लोणचं आपल्या चिनी मातीच्या बरणीतच. डिशवॉशर तर विसराच. आणि फ्रिजमधून काढून गरम शिरा ओतलात तर सासूबाईंचं भाकीत खरं ठरेल. जाड काच आत-बाहेर एकसारखी तापत नाही, तडकते.

आंबेडाळ

मी त्यात काकडीची कोशिंबीर केली होती. लिंबू पिळून. 😬 तासभरच होती, पण यापुढे नाही.

तिरकीरेघ

मुख्य प्रश्न राहिलाच. ताई, तुमचा वाडगा कोणाचा निघाला?

आंबेडाळ

कोणाचाच नाही. हॉक्सचा शिक्का म्हणजे तीन पाकळ्या आणि दोन ससाणे, लिबीचं नाव तलवारीसकट. आम्लाने उमटवलेले हे शिक्के इतके पुसट की टॉर्च तिरका धरून, वाडगा फिरवत शोधावं लागतं. दोन रात्री शोधलं. काही नाही. त्यात होन्सडेलच्या आजूबाजूला डॉरफ्लिंगरकडून बाहेर पडलेल्यांनी कापकामाची छोटी दुकानं काढली होती, ते दुसऱ्याचे ब्लँक विकत घ्यायचे. म्हणजे फुंकला एकाने, कापला दुसऱ्याने आणि विकला तिसऱ्याने, असंही असेल.

एक मात्र सापडलं. तळाच्या मोठ्या चांदणीला चोवीस टोकं आहेत, त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा किंचित लांब गेलंय. चाक सुटलं असणार. आधी दिसलं नव्हतं, आता दुसरं काही दिसत नाही.

रानवाटा

आणि सध्या वाडगा कुठेय?

आंबेडाळ

दाराजवळच्या टेबलावर. गाडीच्या किल्ल्या असतात त्यात.

जुनाबाजार

किल्ल्या काढा आधी! ओरखडे पडतील.